भरपूर शेणखत आणि जिवाणू कल्चर घातल्याने शेतातील रासायनिक अवशेष खरोखर नष्ट होतात का?

आपण विचारले आहे की, उसाच्या काळ्या जमिनीत अनेक वर्षे तणनाशके व कीटकनाशके वापरल्यानंतर भरपूर शेणखत घातले आणि विक्रेता सुचवतो ते जिवाणूंचे कल्चर सोडले, तर मातीतील विषारी अवशेष नाहीसे होतात का. काही अवशेष खरोखर मोडतात, काही मातीत नुसते अडकून पडतात, आणि एखाद्या बाबतीत सेंद्रिय पदार्थ वाढवल्यामुळे जखडलेले विष मोकळेही होते. म्हणून रसायनाचे नाव न विचारताच ‘हो’ म्हणणाऱ्या विक्रेत्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. मृदा रसायनशास्त्र हा माझ्या रोजच्या कामाचा विषय असल्याने उत्तर थोडे लांबले आहे.

तणनाशकाच्या फवारणीसाठी गढूळ पाणी वापरू नये, ही सूचना आपण ऐकली असेलच. ग्लायफोसेट किंवा पॅराक्वाट गढूळ पाण्यात कालवले की तण नीट मरत नाही, कारण पाण्यातले मातीचे कण औषध पानापर्यंत पोहोचण्याआधीच त्याला पकडतात. पॅराक्वाटच्या रेणूवर दोन धन प्रभार असतात, तर काळ्या मातीतील स्मेक्टाइट गटाच्या खनिजांच्या पापुद्र्यांवर ऋण प्रभार असतो. हे पापुद्रे एकावर एक रचलेले असून पाणी शिरले की फुगतात, आणि पॅराक्वाटचा चपटा रेणू त्यांच्यामधल्या फटीत जाऊन असा घट्ट बसतो की तो पिकाच्या मुळाला मिळत नाही आणि जिवाणूच्या एन्झाइमलाही मिळत नाही. स्मेक्टाइटपैकी मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाच्या एका ग्रॅमचे आतले-बाहेरचे मिळून पृष्ठफळ ७०० ते ८०० चौरस मीटर भरते, तर केओलिनाइट या न फुगणाऱ्या खनिजाचे जेमतेम १० ते ३०. काळी जमीन अशा प्रभारित रसायनांना इतके का धरते, ते यावरून कळते. ग्लायफोसेटची गाठ मात्र वेगळ्या ठिकाणी बसते. त्याच्या रेणूतला फॉस्फरसयुक्त भाग लोह व ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांना चिकटतो, म्हणून कोकणातील तांबडी जांभी मातीही त्याला चांगली धरते. स्फुरदयुक्त खतातील फॉस्फेटलाही नेमक्या त्याच जागा हव्या असतात, त्यामुळे खताचा मोठा डोस दिल्यावर ग्लायफोसेटचा काही भाग सुटून पाण्यात येऊ शकतो.

सेंद्रिय पदार्थ मुख्यतः दुसऱ्या प्रकारच्या रसायनांना धरतो. क्लोरपायरिफॉस, डीडीटी, एंडोसल्फान या कीटकनाशकांच्या रेणूंवर प्रभार नसतो आणि त्यांना पाण्यात राहणे मानवत नाही. ती ह्यूमसमध्ये, म्हणजे पूर्ण कुजून मातीत मुरलेल्या सेंद्रिय पदार्थात, शिरतात. मृदा परीक्षणाच्या अहवालात ‘सेंद्रिय कर्ब’ म्हणून जो आकडा येतो, तो आपल्याकडील बऱ्याच जमिनींत अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो, म्हणजे ही धरून ठेवण्याची ताकद मुळातच तोकडी असते. शेणखताने ती वाढते, यात शंका नाही. शेतात पाचट जाळल्यावर जो काळा कोळसा मातीत मिसळतो, तो तर तणनाशकांना ह्यूमसपेक्षा कितीतरी घट्ट पकडतो, आणि मग शिफारशीच्या मात्रेतही तणनाशक लागू पडत नाही अशी तक्रार होते. (पाचट जाळू नये याची इतर कारणे पुष्कळ आहेत, हे एक सहसा सांगितले जात नाही.)

मात्र धरून ठेवणे आणि मोडणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि बऱ्याचदा पहिली दुसरीच्या आड येते. रसायन मातीत जितके जुने होते तितके ते कणांमधल्या बारीक छिद्रांत खोल मुरत जाते. जिवाणू साधारण एक मायक्रोमीटर आकाराचा असतो आणि ती छिद्रे त्याच्या शेकडो पट लहान असू शकतात, त्यामुळे भक्ष्य दोन पावलांवर असूनही त्याला गाठता येत नाही. प्रयोगशाळेतील द्रावकालाही असे जखडलेले अवशेष पूर्ण बाहेर काढता येत नाहीत, म्हणून अहवालातला आकडा उतरला की रसायन मोडले, असे लगेच मानता येत नाही. याचे मोठे उदाहरण कॅरिबियनमधील ग्वाडेलूप व मार्टिनिक या फ्रेंच बेटांवर आहे. तेथे केळीवरील सोंडकिड्यासाठी १९७२ ते १९९३ या काळात क्लोर्डेकोन हे कीटकनाशक वापरले गेले, आणि दहा क्लोरीन अणूंचा तो पिंजऱ्यासारखा रेणू तिथल्या मातीत आजही सापडतो. ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या, ॲलोफेन खनिजाच्या मातीत तो सर्वाधिक साठला आहे. पण त्याच मातीतून पिकात जाणारा वाटा इतर मातींच्या तुलनेत कमी असतो. कंपोस्ट घातल्यावर हा वाटा आणखी घटल्याचे तिथल्या प्रयोगांत दिसले, जरी रसायन मोडले नाही तरी. केळीच्या फळात ते फारसे पोहोचत नाही, कंदमुळांत मात्र पोहोचते.

आता जिवाणूंकडे वळू. आपल्या प्रश्नात ऊस आहे, म्हणून ॲट्राझीनचेच उदाहरण घेतो. हे तणनाशक १९५० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आले, आणि त्याला पूर्णपणे मोडून त्यातला नत्र वापरणारा सुडोमोनास जिवाणू अमेरिकेतील संशोधकांनी १९९५ मध्ये जगासमोर मांडला. त्याची या कामाची जनुके प्लाझमिडवर, म्हणजे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या कड्यावर असतात. त्यामुळे जिथे ॲट्राझीन वर्षानुवर्षे वापरले जाते, तिथल्या जिवाणूंमध्ये ही क्षमता पसरते आणि तणनाशक लवकर मोडू लागते. येथे एक गंमत आहे: जिवाणू ॲट्राझीनकडे नत्रासाठी वळतो, त्यामुळे युरियातून किंवा कोंबडी खतातून त्याला सहज नत्र मिळाले की त्याची ती गरज कमी होते आणि मोडण्याचा वेग मंदावू शकतो. शिवाय ॲट्राझीनचे जिवाणूंविना होणारे विघटन आम्लधर्मी जमिनीत वेगाने आणि आपल्यासारख्या विम्लधर्मी काळ्या जमिनीत सावकाश होते.

जिवाणूंनी रेणूला हात लावला म्हणजे विष संपले, असेही नाही. एंडोसल्फानपासून मातीत एंडोसल्फान सल्फेट बनते, जे मूळ रसायनाइतकेच विषारी असून अधिक काळ टिकते. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये एंडोसल्फानवर बंदी घातली, त्यानंतरही काही वर्षे मातीत शोध घ्यायचा होता तो या सल्फेटचाच. क्लोरपायरिफॉसपासून निघणारा तुकडा मूळ रसायनापेक्षा पाण्याबरोबर सहज वाहतो आणि स्वतः जिवाणूंना मारक असतो.

सेंद्रिय पदार्थाने उलट परिणाम होण्याचा प्रकार पश्चिम बंगाल व बांगलादेशात दिसतो. तेथील गाळात आर्सेनिक लोहाच्या ऑक्साइडांना चिकटलेले असते. पाणी साचून प्राणवायू संपला की जिवाणू सेंद्रिय कर्ब खाताना प्राणवायूऐवजी लोहाचा आधार घेतात, लोह विरघळते, आणि त्याला चिकटलेले आर्सेनिक भूजलात किंवा भाताच्या मुळाशी मोकळे होते. अशा जमिनीत पाणी साचलेले असताना ताजे शेणखत गाडणे म्हणजे या जिवाणूंना इंधन पुरवणे होय.

आपल्या बाबतीत माझे मत असे की शेणखत जरूर घालावे, पण ते चांगले कुजलेले असावे आणि जमीन वाफशावर राहील असे पाहावे, कारण बहुतेक तणनाशके मोडणाऱ्या जिवाणूंना ओल आणि हवा दोन्ही लागतात. उन्हाळ्यात पडलेल्या खोल भेगा बुजण्याआधी फवारणी करून त्यावर पाऊस झाला, तर रसायन खनिजांना किंवा ह्यूमसला न शिवता थेट खाली उतरते, हेही लक्षात ठेवावे. विकतच्या कल्चरवर खर्च करण्याआधी एक साधी चाचणी करता येईल. शंका असलेल्या शेतातील माती आणि कधीच तणनाशक न मारलेल्या बांधावरची त्याच पोताची माती वेगवेगळ्या कुंड्यांत भरून दोन्हींत काकडी व सोयाबीन पेरावे. ॲट्राझीनचे अवशेष असतील तर रोपे उगवतात नेहमीसारखीच, पण बीजपत्रांतला साठा संपत आला की खालच्या जुन्या पानांच्या कडा आधी पिवळ्या पडतात आणि मग कडेकडून वाळत आत सरकतात. कोवळी वरची पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर ती बहुधा लोहाची कमतरता असते. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत या दोन्हींची गल्लत सहज होते.