सुरगाण्याला जाण्याआधी

नाशिक

अनेक आशीर्वाद.

सुरगाण्याचा बेत कळला. यादीत भिवतासचा धबधबा पहिला आहे, तो शेवटी ने. आधी आठवडे बाजार. वार विचारून निघ आणि दहाच्या आत पोहोच. पाड्यांवरची माणसं दुपारनंतर परतीच्या जीपा धरतात.

नाशिकहून दिंडोरी, वणी, बोरगाव असा सुमारे 90 किलोमीटरचा रस्ता. पावसाळ्यात घाटात धुकं असतं, तीन तास धर. पेट्रोल वणीतच भर.

बाजारात नागली, म्हणजे नाचणी घे, पण दाणे. पीठ दाण्यांइतकं टिकत नाही. भाव पायलीचा की किलोचा, ते आधी विचार. मूठभर तळहातावर घेऊन फुंकर मार: कोंडा उडतो, खडे मागे राहतात. नागली म्हणजे इथल्या कोकणा आदिवासी घरांची कणसरी, धान्याची देवी, दाणे पायाखाली सांडू देऊ नकोस. वरईत नवखा हमखास फसतो. टरफलासकटची वरई शिजवून खाता येत नाही. ‘सडलेली, म्हणजे कांडून टरफल काढलेली आहे का?’ असं स्पष्ट विचार.

भाकरी शिकायची असेल तर चुलीपाशी बसून बघ. वाटीभर पिठाला साधारण वाटीभर उकळतं पाणी, झाकण, मग गरम असतानाच मळायचं. नागलीला चिकटपणा नाही. गार पाण्यात मळलं की थापताना कडा फाटतात.

होळीनंतर बोहाडा, म्हणजे मुखवट्यांच्या सोंगांचा उत्सव, बघायला मिळाला तर रात्रभर थांब. संबळ-पिपाणीवर सोंगं नाचतात. मुखवट्याला हात लावू नकोस, तो नाचवण्याचा मान ठरलेल्या घराचा असतो. फ्लॅश तर मुळीच नको: बारीक भोकांतून बघणाऱ्याचे डोळे दिपतात आणि पाय चुकतो. मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचे माउली, म्हणजे त्याचे उपासक, व्रतात असतात, त्यांच्या जागेत विचारल्याशिवाय शिरू नकोस.

पाऊस इथे धो धो पडतो, पण उतारावरून नार-पार नद्यांनी पश्चिमेला निघून जातो. एप्रिल-मे महिन्यांत हंडाभर पाण्यासाठी बायका दरीत उतरतात. तेव्हा माणशी 3 लिटर पाणी घरून ने. कुणी तांब्या पुढे केलाच तर नाही म्हणू नकोस. लागेल तेवढं पी, उरलेलं ओतू नकोस.

भिवतास लांबूनच बघ. वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही नार फुगते, आणि शेवाळलेल्या कातळावर बूटसुद्धा टिकत नाही. पाणी गढूळ झालं की लगेच मागे फीर.