'आशेने' कुठे लावायचं, कुठे नाही

भाऊ, 'पाऊस आशेने पडेल' हे वाक्य बदला. 'आशेने' हे रीतिवाचक क्रियाविशेषण, म्हणजे क्रिया कशी घडते ते सांगणारा शब्द; क्रिया ज्याची, भावही त्याचाच समजला जातो. इथं आशा शेतकऱ्याची आहे, पावसाची नाही. 'पाऊस पडेल अशी आशा आहे' म्हणा, नाहीतर नुसतं 'यंदा मृग तरी बरसावा'. 'तरी' आणि 'बरसावा'तला 'वा' मिळून उमेद सांगतात, मागच्या वर्षी पावसात पडलेला खंडही.

येणं ठरलेलं असेल तर 'आतुरतेने': लेक दिवाळीला येणार, आई आतुरतेने वाट पाहते. नक्की नसेल तर 'आशेने': भाव चढेल या आशेने कापूस घरातच भरून ठेवला. 'बहुतेक', 'कदाचित' यांत आशा नसते, फक्त अंदाज. 'बहुतेक बोंडअळी येईल' असंही आपण म्हणतोच ना बाप्पा!

वाट पाहून जीव थकला की 'एकदाचा'. हा शब्द लिंगवचनाप्रमाणे बदलतो, नवे लिहिणारे नेमके इथंच चुकतात: पाऊस एकदाचा आला, एसटी एकदाची आली, चुकारे (विकलेल्या मालाचे पैसे) एकदाचे मिळाले.

'मोठ्या आशेने' मात्र जपून. 'तो मोठ्या आशेने बाजार समितीत गेला' एवढं वाचलं की भाव पडलेला असणार, हे वाचक आधीच ओळखतो.