वाचकांचे प्रश्न : वूफर का जातो?

प्रश्न : वूफर (खोल बासचा स्पीकर) ३०० वॉटचा, ८ ओहमचा आणि अ‍ॅम्प्लिफायर फक्त २०० वॉटचा. तरी वूफरमधली तारेची कॉइल जळाली. असे कसे?

उत्तर : अ‍ॅम्प्लिफायरवर छापलेले २०० वॉट हे स्वच्छ साइन वेव्हचे असतात. त्यापुढे आवाज वाढवला की वेव्हचे शेंडे कापले जातात आणि ती चौकोनी होत जाते. तेवढ्याच उंचीच्या पूर्ण चौकोनी वेव्हमध्ये साइनच्या दुप्पट शक्ती असते. पॉवर सप्लायने साथ दिली, तर तुमचा अ‍ॅम्प्लिफायर ४०० वॉटपर्यंत जाऊ शकतो. शिवाय संगीतात दोन ठोक्यांच्या मधे जी उसंत असते, तेवढ्यातच कॉइल थोडी निवते. सतत क्लिप होणाऱ्या, म्हणजे शेंडे कापल्या जाणाऱ्या सिग्नलमध्ये ही उसंत जवळपास उरत नाही.

वूफरला दिलेल्या विजेपैकी आवाजात रूपांतर होते ते साधारण एक ते तीन टक्क्यांचे. बाकी सगळी कॉइलमध्ये उष्णता होते. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. कॉइल २०० अंशांनी तापली, की ८ ओहमच्या वूफरच्या कॉइलचे मीटरवर दिसणारे ६ ओहम जवळजवळ ११ होतात. अ‍ॅम्प्लिफायरमधून तेवढी शक्ती मग जातच नाही आणि बास दबतो. वूफर गोत्यात येतो तो इथेच: बास कमी झाला म्हणून चालवणारा आवाज आणखी वाढवतो. वायरवरचे इनॅमल करपते, डिंक मऊ पडतो, वेढे सुटून गॅपमध्ये (मॅग्नेटमधल्या ज्या फटीत कॉइल हलते तिथे) घासतात आणि शेवटी शॉर्ट होतात किंवा तुटतात. कार्यक्रमाच्या मध्यावर बास दबल्यासारखा वाटला, तर आवाज कमी करा, वाढवू नका.

प्रश्न : मीटरवर ६ ओहम दिसतात, पण कोन (वूफरचा पुढेमागे हलणारा पडदा) दाबला की खरखर येते. वूफर चांगला समजायचा का?

उत्तर : नाही. ८ ओहमच्या वूफरला मीटरवर साडेपाच ते सात ओहम दिसणे बरोबर आहे, पण त्यावरून वायर अखंड आहे एवढेच कळते. दोन्ही हातांची बोटे कोनवर समोरासमोर ठेवा आणि कोन अगदी सरळ आत दाबा. तिरका दाबला तर चांगला वूफरही घासतो. सरळ दाबूनही खरखर आली, तर कॉइलचे वेढे फुगलेत, फॉर्मर (कॉइल जिच्यावर गुंडाळतात ती नळी) वाकडा झालाय किंवा स्पायडर (कॉइलला मध्यावर धरणारी लवचिक चकती) सुटून कॉइल मध्यावरून सरकलीय. रोध चारच्या आसपास आला, तर वेढे शॉर्ट झालेत. काहीच दाखवत नसेल, तर कॉइलला दोष देण्याआधी टर्मिनलपासून कोनपर्यंत जाणारी विणलेली लीड वायर पाहा. सतत वाकून ती तुटते आणि तेवढीच बदलून काम भागते.

रिपेअरसाठी कोन काढला, तर जुनी कॉइल नीट बघितल्याशिवाय फेकू नका. सगळी सारखी काळवंडलेली असेल, तर शक्ती जास्त झाली. एकच टोक करपले असेल, तर तेवढा भाग गॅपबाहेर राहून तापला. तिथे उष्णता ओढून घ्यायला लोखंड जवळ नसते. हे बहुधा अ‍ॅम्प्लिफायरमधून डीसी (एकाच दिशेची स्थिर वीज) आल्यावर होते. ४० व्होल्ट डीसी ६ ओहमच्या कॉइलवर आले, की सुमारे २६७ वॉट उष्णता होते, आणि कोन एका बाजूला ताणून स्थिर असल्याने हवाही खेळत नाही. अशा अ‍ॅम्प्लिफायरला नवा वूफर लावला, तर तोही जाणार. आधी सिग्नल न देता आउटपुटला मीटर लावा. डीसी काही मिलिव्होल्टच दिसले पाहिजे.

प्रश्न : आवाज फार नसतानाही खोल बासला ‘टक्’ असा आवाज येतो. वॉट तर कमीच आहेत.

उत्तर : वॉटचा आकडा उष्णतेचा आहे, कोन किती पुढेमागे जाईल त्याचा नाही. तेवढाच आवाज एक सप्तक खाली हवा असेल, तर कोनला चौपट अंतर हलावे लागते. पोर्ट (हवेसाठी ठेवलेले भोक) असलेल्या पेटीत ट्यूनिंगच्या, म्हणजे पोर्ट ज्या हर्ट्झला जुळवलेला असतो त्याच्या खाली पेटीतली हवा कोनला धरून ठेवत नाही, तो मोकळा सुटतो. कॉइलचे मागचे टोक मॅग्नेटच्या बॅक प्लेटवर आपटते, तोच हा ‘टक्’. चार-दोन वेळा आपटले तरी फॉर्मरची कड फाकू शकते. आवाज लगेच कमी करा.

पेटी ४५ हर्ट्झला ट्यून असेल, तर हायपास फिल्टर (ठरावीक हर्ट्झच्या खालचा आवाज कापणारा) ४० हर्ट्झच्या आसपास, २४ डीबी प्रति सप्तक उताराचा ठेवा. बास बूस्ट काढून टाका: ६ डीबी बूस्ट म्हणजे त्या ठिकाणी चौपट शक्ती. लिमिटर (व्होल्टेज मर्यादेपुढे जाऊ न देणारा) असेल, तर वॉट गुणिले ओहम करून वर्गमूळ काढा. ३०० वॉट, ८ ओहमला सुमारे ४९ व्होल्ट आरएमएस (परिणामी मूल्य) येतात. लिमिटर तिथे किंवा थोडा खाली लावा. फिल्टर लावूनही बास अपुरा वाटला, तर त्याच पेटीत शक्ती कोंबू नका. दुसरी तशीच पेटी शेजारी लावा, म्हणजे प्रत्येक कोनला कमी हलावे लागेल.