आधी ड्रेन प्लगची तार

पोरी, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतची यादी, दोन्ही नीट वाचली. रस्त्यावरची मोटरसायकल रेससाठी तयार करायची म्हणून काय काय घ्यायचं ते तू क्रमाने लिहिलं आहेस: रेसिंग सायलेन्सर, ईसीयूचं (इंजिनाच्या संगणकाचं) नवं मॅपिंग, क्लच न दाबता गिअर बदलणारा क्विकशिफ्टर, कार्बनचं फेअरिंग (गाडीचं बाहेरचं कवच) आणि पार तळाशी पेन्सिलने 'टायर?'. त्या टायरपुढचं प्रश्नचिन्ह काढ, टायर सगळ्यात वर लिही आणि बाकीची चार नावं यंदापुरती खोडून टाक. आत्ता गाडीत जेवढी ताकद आहे तेवढी पुरती वापरायला शिकेपर्यंत तुझा पहिला सीझन संपलेला असेल.

गाडी ४०० सीसीचीच आहे, असं तू जरा ओशाळूनच लिहिलंस. ते वाचून वाईट वाटलं. आना कारास्को २०१८ साली सुपरस्पोर्ट ३०० ची जगज्जेती झाली ती कावासाकी निंजा ४०० वर, आणि तेही अवघ्या एका गुणाच्या फरकाने. त्या स्पर्धेतल्या गाड्या रस्त्यावरच्या छोट्या गाड्यांवरूनच तयार केलेल्या असत. छोट्या गाडीवर वळणात घालवलेला वेग सरळ रस्त्यावर थ्रॉटल पिळून परत मिळत नाही, त्यामुळे वळणात वेग कसा टिकवायचा हे शिकावंच लागतं. मोठ्या गाडीवर सुरुवात केलेले कित्येक जण हे कधीच शिकत नाहीत, कारण त्यांची चूक इंजिन झाकून घेतं.

सुरुवात खरेदीने नको, पाना हातात घेऊन कर. आरसे, इंडिकेटर, हेडलाइट, हॉर्न, नंबरप्लेटची पट्टी, मागच्या सीटचे फूटरेस्ट, साइड स्टँड, सगळं उतरव. चालत्या गाडीत स्टँड खाली आला आणि तू नेमकी डावीकडे झुकलेली असलीस तर गाडी जागच्या जागी उचलली जाते. स्टँड काढलास की त्याच्या स्विचची वायरही नीट जोडून घे, नाहीतर गिअर टाकला की इंजिन बंद पडेल आणि तू उगाच बॅटरी तपासत बसशील. रेडिएटरमधलं कूलंट काढून साधं डिस्टिल्ड पाणी भर. कूलंटमधलं ग्लायकॉल ट्रॅकवर सांडलं तर निसरडं होतं आणि लवकर सुकतही नाही. पाणी उडून जातं. इंजिनखाली बेलीपॅन लागेल, म्हणजे फुटलेल्या इंजिनातलं तेल झेलणारं फेअरिंगचं खालचं भांडं. एफआयएमच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघाच्या, नियमांप्रमाणे त्यात इंजिनातल्या एकूण तेल-पाण्यापैकी निदान निम्मं मावायला हवं. त्याच्या तळाची भोकं कोरड्या ट्रॅकवर बुचं लावून बंद ठेवायची आणि रेस ओली जाहीर झाली तरच उघडायची. हे सगळं तुझ्या मागून येणाऱ्यासाठी आहे, हे काम करताना विसरू नकोस.

आता तारेकडे वळतो. खरं म्हणजे हे पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं आहे.

ड्रेन प्लग म्हणजे इंजिनातलं तेल काढायचं तळाचं बूच. ते सैल होऊन तेल गळू नये म्हणून ही तार. त्याच्या डोक्याला दीड मिलिमीटरचं भोक पाड. ड्रिल हळू चालव, मध्ये मध्ये तेलाचा थेंब टाक. एखादा बिट तुटेलच, म्हणून दोन-तीन जास्तीचे आणून ठेव. स्टेनलेस स्टीलची ०.८ मिलिमीटरची तार भोकातून ओव, दोन्ही टोकं एकत्र धर आणि पकडीने पीळ देत जा. सेंटिमीटरला साधारण तीन पीळ पुरतात. जास्त दिलेस तर तार तिथेच तुटते. मग पिळलेली तार इंजिनावरच्या एखाद्या पक्क्या जागी अडकव आणि टोक आत वळव, नाहीतर पुढच्या वेळी तेच टोक तुझं बोट फाडेल. बांधून झालं की गाडीखाली आडवी होऊन एकच गोष्ट बघ: प्लग सैल व्हायला लागला तर ही तार ताणली जाऊन त्याला आवळायच्या दिशेने ओढते आहे का? उलटी बांधलेली तार लांबून अगदी तशीच दिसते आणि तिचा काडीचाही उपयोग नसतो. ऑइल फिल्टरला भोक पाडता येत नाही. त्याच्याभोवती होज क्लिप (पाइपवर आवळतात ती धातूची पट्टी) आवळायची आणि तार त्या क्लिपला बांधायची. तेल भरायच्या झाकणाला तार हवीच. ब्रेकच्या कॅलिपरच्या बोल्टला काही ठिकाणी सक्तीची असते. नसली तरी बांध.

इतक्या बारकाईने का लिहितोय ते सांगतो. माझा दुसरा सीझन होता. शनिवारी स्क्रुटिनीत, म्हणजे रेसआधीच्या तपासणीत, गाडी बिनतक्रार पास झाली. रात्री मनात आलं, तेल बदलून टाकू. फिल्टरही नवा बसवला, क्लिप आवळली. हात भरले होते, डोळे मिटत होते, म्हणून म्हटलं, तार सकाळी बांधू. सकाळी टायरच्या गडबडीत ते राहून गेलं. सहाव्या लॅपला उजवा बूट फूटरेस्टवरून दोनदा सटकला. बुटाचा तळ झिजला असेल असं मी समजलो. ट्रॅकच्या कडेच्या पुढच्या पोस्टवर मार्शलने काळा झेंडा दाखवला, मधोमध नारिंगी गोल, शेजारच्या पाटीवर माझा नंबर. अर्थ पाठ होता: गाडीत बिघाड आहे, ताबडतोब ट्रॅक सोड. नंबर स्वच्छ वाचला. आणि तरी मनात म्हटलं, तीन वळणांवर पिट (गाड्यांवर काम करायची जागा) आहे, तिथवर जाऊ.

ती तिन्ही वळणं डावीकडची होती. तेल माझ्या टायरच्या उजव्या अंगाला लागलं होतं म्हणून मी पडलो नाही. माझ्या मागचा मुलगा दुसऱ्या वळणात पडला, ज्या रेषेवरून मी गेलो होतो त्याच रेषेवर. गळपट्टीचं हाड मोडलं आणि त्याचा सीझन तिथेच संपला. संध्याकाळी त्याला भेटायला गेलो तर तो रागावलासुद्धा नाही. नुसतं विचारलं, "तार नव्हती का?" मला उत्तर देता आलं नाही. त्या गोष्टीला बरीच वर्षं झाली, पण कुणाची गाडी स्टँडवर उभी दिसली की अजूनही मी आधी वाकून खाली बघतो.

म्हणून स्क्रुटिनी करणाऱ्या माणसाशी कधी वाद घालू नकोस. तो हँडल हलवून बघतो, चाक दोन्ही हातांनी धरून बेअरिंगचा खुळखुळाट ऐकतो, थ्रॉटल सोडल्यावर आपोआप मिटतो का ते पाहतो. त्याने नाही म्हटलं तर तुझ्या नजरेतून काहीतरी सुटलं आहे, एवढंच समज आणि कामाला लाग. पास झाल्यावर गाडीला पाना लागला की ती तपासणी बाद झाली असं धर आणि स्वतः पुन्हा पहिल्यापासून बघ.

ब्रेकचं तेल नवं भर. डॉट ४ तेल ताजं असताना निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतलं पाणी शोषत राहतं आणि पाणी मुरलं की तीच मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. रस्त्यावर हे जाणवत नाही. ट्रॅकवर दर लॅपला जोरात ब्रेक लागतात, आणि वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते. तेल उकळून त्यात वाफ झाली तर लिव्हर बोटांत मऊ लागतो आणि हँडलपर्यंत येतो. ताशी १८० किलोमीटर वेगाला एका सेकंदात ५० मीटर जातात. तेवढ्यात दुसरा उपाय सुचत नाही.

टायर वॉर्मरवर, म्हणजे टायरभोवती गुंडाळायच्या विजेच्या वेष्टणात, तापवायचे असतील तर साधारण ८० अंशांवर तासभर दे आणि कंपनीने हवेचा दाब गरम टायरसाठी सांगितला असेल तर तो गरम असतानाच मोज. गेज कायम एकच वापर. दुसऱ्याचा गेज मागून आणलास तर तुझ्या वहीतले सगळे आकडे वाया गेले. वही ठेवच: तारीख, हवामान, हवेचा दाब, लॅपचा वेळ, काय बदललं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. शॉकअपला हात लावण्याआधी कुणाला तरी टेप धरायला सांग, सूट घालून गाडीवर बस आणि गाडी किती खाली बसते ते मोज. मागे सुमारे ३० मिलिमीटर, पुढे ३५ च्या आसपास, इथून सुरुवात करायला हरकत नाही. गिअर उलटे करायचे, म्हणजे पहिला वर आणि बाकीचे खाली, हे डावीकडे झुकलेलं असताना वरचा गिअर टाकायला सोयीचं असतं. पण तू रोज दुसरी गाडी रस्त्यावर चालवतेस. दोन सवयी एकमेकींत मिसळल्या तर घाईच्या क्षणी पाय चुकेल, म्हणून सध्या राहू दे.

हेल्मेट, एकसंध लेदर सूट, पाठीचा प्रोटेक्टर, हातमोजे, बूट यांत हात आखडता घेऊ नकोस. पैसे कमी पडले तर एक रेस सोड.

पहिल्या रेसला ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगांत, सगळ्यात मागे उभी राहिलीस तरी चालेल. पहिल्या लॅपला टायर पुरते तापलेले नसतात, आणि ट्रॅकवर डावी वळणं जास्त असतील तर टायरची उजवी बाजू आणखी उशिरा तापते. पहिल्या उजव्या वळणात पडणारे बहुतेक याच कारणाने पडतात. कुणी मागून आलं तर बाजूला सरकून वाट करून द्यायला जाऊ नकोस. सभ्यपणा वाटतो तो, पण मागच्याने तुझी रेषा गृहीत धरलेली असते. ती बदललीस की दोघंही पडाल. आपल्या रेषेवर राहा, सुरक्षितपणे पुढे जाणं ही त्याची जबाबदारी. मागचं चाक घसरलं तर थ्रॉटल एकदम मिटू नकोस. घसरणाऱ्या चाकाला अचानक पकड मिळाली की गाडी स्वाराला वर उडवून टाकते, आणि त्यापेक्षा बाजूला घसरत जाऊन पडणं पुष्कळ बरं. हे वाचून अंगात मुरत नाही, मला ठाऊक आहे. सरावाचे दिवस जास्त घे, रेस कमी.

पिवळा झेंडा दिसला की ओव्हरटेक नाही. लाल दिसला की हात वर करून हळू पिटमध्ये. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे पुढे ट्रॅक निसरडा आहे. आणि नारिंगी गोलाचा काळा झेंडा तुझ्या नंबरासह दिसला तर पिट कितीही जवळ असो, हात वर कर, मागे कोण आहे त्याचा अंदाज घे आणि रेसिंग लाइन सोडून कडेला जा. मातीत उतरावं लागलं तरी उतर. गाडी पडली तर मी येऊन उचलीन.

येत्या आठवड्यात तार बांधशील ना? बांधून झाली की खालून फोटो काढून पाठव, प्लग आणि तारेचं दुसरं टोक दोन्ही एकाच फोटोत दिसतील असा. ओढ कुठल्या दिशेला आहे ते मला बघायचं आहे. फिल्टरच्या क्लिपचा वेगळा काढ.

तुझा,
काका