आडनाव बदलण्याआधी एखादी वारस नोंद पाहून या

तुमचा प्रश्न असा आहे: ऑगस्टमध्ये लग्न आहे, सासरचे आडनाव बदल म्हणतायत, तुमच्या मनात नाही, आणि नाही बदललं तर पुढे नोकरीत, पासपोर्टात अडेल का?

नाही अडणार. बदलू नका. लग्न झालं की बाईने नाव बदललंच पाहिजे असं सांगणारा कायदा भारतात नाही. अडतं ते बदलणाऱ्यांचं. मी सहकारी बँकेत नोकरी करून निवृत्त झाले. 'नावात फरक आहे, दुसरा पुरावा आणा' म्हणून काउंटरवरून ज्या बायकांना परत पाठवावं लागलं, त्यांत माहेरचं नाव कायम ठेवलेली एकही आठवत नाही.

पण बँकेचं राहू दे. माझ्या थोरल्या बहिणीचं सांगते.

ताईचं लग्न १९८८ सालचं, सातारा जिल्ह्यातल्या खेड्यातलं. आपल्याकडे नुसतं आडनाव बदलत नाही हे तुम्हाला माहीतच आहे. मधलं वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं, आणि घरच्यांना हौस असली की पहिलंही जातं. ही हौस जुनी आहे. आनंदीबाई जोशी आणि रमाबाई रानडे, दोघीही माहेरच्या यमुना. ताईचंही तिन्ही गेलं. तिचं नाव आमच्या पणजीचं होतं, ते तिच्या सासूबाईंना जुनाट वाटलं. ताटात तांदूळ पसरले, अंगठीने नवं नाव लिहिलं, पेढे वाटले. तिला कुणी विचारलं नव्हतं. तिला ते आवडलं, हा भाग वेगळा.

माझं लग्न नंतर काही वर्षांनी झालं. मी नाव ठेवलं. त्यात बंड वगैरे काही नव्हतं. बँकेत लागलेली होते, सही हाताला बसली होती, आणि आमचे हे म्हणाले, तुझं नाव, तुझं तू बघ. पोटात दुखलं ते ताईच्या यजमानांच्या, म्हणजे दाजींच्या. भर पंगतीत म्हणाले, "माहेरचं नाव लावून काय माहेरी परत जायचंय? नाव बदलत नाही ती बाई सासरी पाहुणीच राहते." सगळे हसले. मी तोंड उघडणार तेवढ्यात आईने हात दाबला. (तुमचा प्रश्न वाचल्यावर इतकं लांबलचक लिहायला का बसले, ते कळलं असेल.)

पुढे आप्पा गेले. शेत फार नाही, पण विहिरीलगतचं, बारमाही. भाऊ, ताई आणि मी असे तीन वारस. मृत्यूचा दाखला, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र आणि प्रत्येकाची कागदपत्रं जोडून वारस नोंदीचा अर्ज दिला. माझा शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पॅन, सगळ्यांवर एकच नाव, मधे आप्पांचं. तलाठ्यांनी वरवर पाहिलं आणि बाजूला ठेवलं. ताईच्या दाखल्यावर एक बाई, आधारवर दुसरीच. पहिलं, मधलं, शेवटचं, काहीच जुळेना. जन्मतारीखही जुळेना: दाखल्यावर गुरुजींनी टाकलेली १ जून, आधारवर १ जानेवारी. पॅन तिने कधी काढलंच नव्हतं. आणि विवाह नोंदणी? आमच्याकडे तेव्हा कोण करत होतं?

तरी निभावलं असतं, गावात ताईला कोण ओळखत नाही! पण फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीतला बदल, धरला की हरकत घ्यायला १५ दिवसांची मुदत असते, आणि त्या मुदतीत आमच्या चुलतभावाने हरकत घेतली. 'सदर महिला ही मयताची मुलगी असल्याचा पुरावा नाही.' हाच पठ्ठ्या ताईच्या वरातीत सगळ्यांच्या पुढे नाचला होता. बांधाला बांध लागून, आणि भावाकडून ते रान विकत घ्यायचा त्याचा डाव. ताई विकू देणार नाही हे त्याला ठाऊक होतं.

झालं. नोंद तक्रारी ठरली, सुनावणी लागली, आणि दाजी कापडी पिशवी घेऊन कागद गोळा करत हिंडायला लागले. पोलीस पाटलांचा दाखला, दोन्ही नावांची बाई एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र, म्हाताऱ्या माणसांचे जबाब. लग्नपत्रिका आईच्या ट्रंकेत निघाली. तीवर चि. सौ. कां. च्या पुढे माहेरचं नाव. सासरचं नाव पत्रिकेवर कुठून असणार? ते लग्न लागल्यावर ठेवतात. म्हणजे पत्रिकेवरून एवढंच दिसलं की आप्पांच्या मुलीचं दाजींशी लग्न झालं, आणि आधारवरून एवढंच की ही बाई दाजींची बायको. यावर चुलतभावाच्या वकिलाने शांतपणे विचारलं, "यांनी पुढे दुसरं लग्न केलं नाही कशावरून?"

दाजींचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता.

बाहेर व्हरांड्यात मी म्हटलंच, "दाजी, पाहुणीचं काम पहिल्याच दिवशी झालं. तुमच्या घरची झालेली बाई आपल्या बापाची मुलगी आहे हे सांगायला तुम्हाला पिशवी घेऊन फिरावं लागतंय." ते म्हणाले, "कागदाचं काय, होतंय आज ना उद्या. घराला एक नाव लागतं." तिथेच आमची जुंपली. शेवटी ताईच उखडली. "माझ्या नावावरून तुम्ही दोघं भांडताय, मला एकदा तरी विचारलंत? मला माझं नाव आवडतं. आणि तू गं, तुझ्या एका कागदाचा एवढा तोरा मिरवू नकोस."

ताईचं म्हणणं खरं आहे. त्याने दाजींचं खरं ठरत नाही.

नोंद अखेर मंजूर झाली. ताई सातबाऱ्यावर 'ऊर्फ' लावून आहे. पण यातली गंमत बघा. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांसारखा हक्क देणारा कायदा महाराष्ट्राने १९९४ मध्ये केला, तोही त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. म्हणजे ताई बाहेर. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीत ती अट नव्हती. तरीही वडील २००५ साली हयात असायला हवे होते का यावर वाद चालूच राहिले, ते सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मिटवले: गरज नाही, हक्क जन्मानेच आहे. जन्माने आहे, ठीक. पण जन्मलेली ती मीच, हे दाखवायचं कशाने? जन्माच्या वेळचं नाव तर तांदळात मिसळून गेलं. सरकारलाही हे उमगलेलं दिसतं. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव लावायचा निर्णय घेतला, त्यात विवाहित बायकांसाठी तिचं नाव, पतीचं नाव, आडनाव हीच पद्धत चालू ठेवली. मात्र मालमत्तेच्या दस्तऐवजात लग्नाआधीच्या नावाने नोंद करायची मुभा दिली. मालमत्तेच्याच! उगाच नाही.

दाजींचा दुसरा लाडका मुद्दा: जगभर असंच असतं. नसतं. स्पेनमध्ये बाई जन्माचीच आडनावं घेऊन जगते, मुलांना आईबाप दोघांचं लागतं. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात १९८१ पासून लग्नामुळे नाव बदलतच नाही. उलटं टोक जपानचं, तिथे नवराबायकोला कायद्याने एकच आडनाव घ्यावं लागतं, आणि बहुतेक वेळा बदलते ती बायकोच. क्यूबेकमधली घरं मोडून पडली असं काही ऐकिवात नाही.

आता तुमच्या प्रश्नाचं उरलेलं. नोकरीत नाव तेच ठेवा, म्हणजे पदवी, पॅन, आधार, पीएफ सगळं जुळलेलं राहील. पॅनवर तर लग्नानंतरही वडिलांचंच नाव असतं, नवऱ्याचं छापतच नाहीत. पासपोर्टात पतीच्या नावाचा रकाना वेगळा आहे, तो भरल्याने तुमचं नाव बदलत नाही. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा आधी एकाच्या, मग दुसऱ्याच्या मनासारखं करू असं म्हणत बसू नका. आणि बदललेलं नाव परत फिरवणं वाटतं तितकं सोपं नाही. केंद्राच्या एका अधिसूचनेत माहेरच्या नावावर परत यायला घटस्फोटाचा हुकूमनामा नाहीतर नवऱ्याचं ना हरकत पत्र मागितलं होतं. त्याविरुद्ध एक बाई २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेली. घालवताना कुणाची हरकत नव्हती, परत मागायला नवऱ्याची ना हरकत.

माहेरचं-सासरचं जोडून दोन्ही आडनावं लावायचा तोडगा मला पटत नाही. ते कुठल्याच जुन्या कागदावर नसलेलं तिसरं नाव होतं, आणि फॉर्मच्या चौकोनांत मावत नाही ते वेगळंच.

हे सगळं नाव टिकवावंसं वाटणाऱ्यांसाठी. माहेरच्या नावाशी कडू आठवणी असतील, किंवा मनापासून नवं नाव हवं असेल, तर खुशाल बदला, कुणाच्या बापाचं काय जातं. माहेरचं आडनाव तरी शेवटी बापाचंच, असं कुणीतरी खाली लिहीलच, तर तेही मान्य. पण बदलायचं तर पहिलं नाव सोडून बदला, आणि विवाह नोंदणी लगेच उरका. १९९८ च्या कायद्याने महाराष्ट्रात ती करायचीच असते, गावात ग्रामपंचायतीतही होते. तुमचं जुनं नाव आणि नवरा यांची सांगड घालणारा सरकारी कागद तोच. मग पॅन, आधार, बँक, पीएफ एका दमात. अर्धं जुनं अर्धं नवं ठेवलंत की ताईच्या रांगेत उभ्या राहाल.

सासरच्यांना काय सांगायचं ते तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते: वाद घालू नका, नोकरीच्या कागदांवर ढकला. कागद म्हटलं की माणसं गप्प बसतात, दाजी सोडून. घरात, हळदीकुंकवाला, पत्रिकेत त्यांना हवं त्या नावाने हाक मारू द्या, त्याने सातबारा बदलत नाही. नोंदणीच्या अर्जावर मात्र स्वतःचं नाव स्वतः लिहा, सासऱ्यांना 'तुम्हीच भरा' म्हणून पेन देऊ नका. आणि ऑगस्टमध्येच कुठे परदेशी फिरायला जाणार असाल, तर नाव बदलायचं ठरलं असलं तरी तिकिटं पासपोर्टवर जे नाव आहे त्याच नावाने काढा.