झबली, अभ्रे, पिशव्या: कोणतं कापड घ्यावं?

ताई, येणाऱ्या नातवंडासाठी झबली-दुपटी, दिवाणखान्यातल्या उशांचे अभ्रे आणि बाजाराच्या पिशव्या घरीच शिवायच्या आहेत, तर पर्यावरणाला कमी त्रास देणारं कापड कोणतं, असं तुम्ही विचारलंय. दुकानदार ‘बांबूचं कापड’ सुचवतोय आणि सुनेचा कल ऑरगॅनिक कॉटनकडे आहे. माझं मत सरळ सांगते. बांबूचं घेऊ नका. आणि झबल्या-दुपट्यांसाठी तर नवीन कापडच घेऊ नका.

आधी बांबूचं बघू, कारण त्यात पैसेही जातात आणि हेतूही साधत नाही. त्या नावाने मिळणारं मऊ, झुळझुळीत कापड जवळजवळ नेहमी व्हिस्कोस असतं. बांबूचा लगदा कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड वापरून विरघळवतात आणि त्या द्रावणातून नवे तंतू ओढतात. म्हणजे रेयॉनचीच प्रक्रिया. कार्बन डायसल्फाइड कामगारांच्या मज्जासंस्थेला घातक असतं. बांबू शेतात फारशा औषधांशिवाय वाढतो हे खरं, पण कापड होईपर्यंत तो फायदा बराचसा धुऊन निघतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2009 मध्ये असं रेयॉन नुसतं ‘बांबू’ म्हणून विकणाऱ्या कंपन्यांवर कारवाई केली. बांबूचा जंतुरोधक गुण कापडात उतरतो, हा दावाही त्यांनी मान्य केला नाही. तसा पोत हवाच असेल तर लायोसेल बघा. तेही लगद्याचंच, पण त्यातलं द्रावक जवळपास सगळं परत मिळवून पुन्हा वापरतात.

सुती म्हणून घेतलेलं कापड खरंच सुती आहे का, हे घरी तपासता येतं. कडेचे दोन-चार धागे ओढून काढा आणि स्टीलच्या ताटलीवर चिमट्यात धरून पेटवा. पॉलिएस्टर वितळून आक्रसतं आणि थंड झाल्यावर काळा कडक मणी उरतो. सूत कागदासारखं जळतं आणि बोटाने पुसली जाईल अशी राख राहते. पण व्हिस्कोसही अगदी असंच जळतं, म्हणून पुढची परीक्षा पाण्याची. वीतभर धागा घ्या, मधोमध एक थेंब पाणी लावा आणि दोन्ही टोकं सावकाश ओढा. व्हिस्कोस ओल्या जागी पटकन तुटतं. सूत ओलं झाल्यावर उलट बळकट होतं, त्यामुळे ते बहुधा कोरड्या भागात तुटतं. घाऊक बाजारातून कटपीस आणता तेव्हा हे जरूर करा, तिथे लेबल नसतंच.

आता बाळाचं. तुमच्या किंवा विहीणबाईंच्या जुन्या सुती साड्या काढा. वर्षानुवर्षं धुतल्याने खळ आणि सुटा रंग निघून गेलेला असतो, आणि तो मऊपणा नव्या कापडाला कुठल्याही किमतीत मिळत नाही. फक्त सगळी साडी सारखी विरलेली नसते. खोचायचा भाग आणि टाचेखाली येणारी खालची कड आधी जाते. साडी उजेडासमोर धरा, दोन्ही अंगठ्यांनी आडवी ताणा. धागे सरकून फट पडली तर तो भाग गोधडीच्या आतल्या थरात घाला आणि घट्ट विणीचा भाग झबल्यांसाठी ठेवा. बटणांऐवजी त्याच कापडाचे बंद लावा आणि शिवणी बाहेरच्या अंगाला घ्या, म्हणजे बाळाला टोचणार नाहीत.

पिशव्यांसाठीही तेच: जुन्या चादरी, जीन्स, पडदे. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने 2018 मध्ये पिशव्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळे परिणाम धरले तर नवीन सुती पिशवी साध्या प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला यायला सुमारे 7,100 वेळा वापरावी लागते, आणि ऑरगॅनिक सुताची तर 20,000 वेळा, असा त्यांचा हिशोब होता. उघड्यावर फेकलेल्या प्लास्टिकचं पुढे काय होतं ते त्यात धरलेलं नाही, म्हणून तो आकडा अंतिम मानू नका. तरी नवं कोरं कापड फाडून पिशव्या शिवण्यात अर्थ नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

राहिले अभ्रे. तिथे नवीन घ्यायला माझी हरकत नाही, आणि मी तिथे सुतीच घेईन. कापूस फार पाणी पितो असं सगळीकडे वाचायला मिळतं, पण विदर्भातला बहुतेक कापूस कोरडवाहू आहे. आपल्याकडे खरा प्रश्न फवारणीचा आहे. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. म्हणून सूनबाईंचं म्हणणं मला पटतं, फक्त नुसत्या ‘ऑरगॅनिक’ या शब्दावर पैसे देऊ नका. ‘जीओटीएस’ या सेंद्रिय कापडाच्या जागतिक मानकाची खूण आणि परवाना क्रमांक मागा, तो त्यांच्या संकेतस्थळावर तपासता येतो. ही खूण शेतीपुरती नसून रंगाई-धुलाईलाही लागू असते. ‘ऑरगॅनिक’ दर्जाला किमान 95 टक्के सेंद्रिय तंतू लागतात, 70 टक्क्यांचा दुसरा दर्जा वेगळा. ‘ओइको-टेक्स’ची खूण दिसली तर ती कापडातल्या घातक रसायनांची तपासणी आहे, शेतीची हमी नव्हे.

बजेट तेवढं नसेल तर खादी घ्या. सूतही हाताने कातलेलं आणि विणही हाताची. हातमागाच्या कापडात सूत बहुधा गिरणीचं असतं, तरी तेही चांगलंच. वर्ध्याकडे जाणं झालं तर मगन संग्रहालयात नैसर्गिक रंगांतली खादी बघा. खादी भांडारात मात्र ‘पॉलिवस्त्र’ही मिळतं आणि त्यात पॉलिएस्टरची मिसळ असते, तेव्हा विचारून घ्या. मिसळीचं कापड मी टाळतेच. ते धुताना प्लास्टिकचे बारीक तंतू पाण्यात जातात आणि शेवटी ना ते मातीत कुजतं, ना त्यातले धागे सहज वेगळे होतात. लिनन टिकाऊ असतं, पण आपल्याकडचा जवस मुख्यतः तेलासाठी पिकतो, धागा बहुतांशी युरोपातून येतो. अभ्र्यांसाठी एवढा खर्च मी करणार नाही.

खादी आणलीत की मापं घेण्याआधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवा आणि वाळवून ओलसर असतानाच इस्त्री करा, कारण ती चांगलीच आटते. 36 इंची पन्हा 34 इंचांपर्यंत उतरला तरी 16 इंची उशीचे दोन अभ्रे शेजारी-शेजारी जेमतेम बसतात. मागे झाकण असलेला अभ्रा करणार असाल तर त्या दोघांना मिळून सव्वा मीटर पुरतं. कापडाची मूळ किनार शिवणीत घ्या, ती बाजू उसवत नाही. कापलेल्या कडेला मात्र दुहेरी शिवण घाला, हातसुताचे धागे पटकन निघतात.