चियांग मायला तीन रात्री: पै सोडा, समोएंग घ्या

तुमचा बेत वाचला. चौघं मित्रमंडळी, २६ जानेवारीला जोडून सुट्टी, गुरुवारी रात्री मुंबईहून विमान, बँकॉकला बदलून शुक्रवारी दुपारी उत्तर थायलंडमधलं चियांग माय. तिथे स्कूटर भाड्याने घेऊन शनिवारी पै हे डोंगरातलं गाव, रविवारी परत, सोमवारी पहाटे डोई इंथानॉन या शिखरावर थोडी डोंगरभटकंती आणि रात्री परतीचं विमान. दोघं रोज स्कूटर चालवता, तिसऱ्याने कॉलेजनंतर हातात धरलेली नाही, चौथीकडे फक्त चारचाकीचं लायसन्स. जमेल का, असं विचारलंय. त्या बाजूला माझ्या तीन फेऱ्या झाल्यात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

किलोमीटर मोजले तर जमेल. पण माझं मत, असा बेत करू नका. चौघांत ज्याचा हात सगळ्यात कच्चा आहे त्याला झेपेल तेवढंच अंतर ठरवायचं, आणि तुमच्या बेतात नेमका त्याचाच विचार राहून गेलाय.

चियांग माय ते पै साधारण १३० किलोमीटर, म्हणजे मुंबई-पुण्यापेक्षाही कमी. पण या १०९५ क्रमांकाच्या रस्त्याची ख्याती वळणांची आहे. ७६२ वळणं सांगतात, पैच्या बाजारात तो आकडा छापलेले टी-शर्ट मिळतात. जाताना उत्साह असतो. परतताना मनगटं भरून आलेली असतात, समोरून व्हॅन वळण कापत येतात आणि मागच्यांना विमानाची वेळ दिसत असते.

आमच्या पहिल्या फेरीत परतीच्या उतारावरच एक मित्र पडला. डोंबिवलीचा, रोज स्टेशनपर्यंत स्कूटरने जाणारा, चांगला चालवणारा. डाव्या वळणावर कडेची खडी रस्त्यावर आली होती. ती दिसल्यावर त्याने पुढचा ब्रेक दाबला, चाक सरकलं. वेग तीसच्या आसपास असेल. कोपरापासून मनगटापर्यंत सोलवटलं आणि गुडघ्याला टाके पडले. वळणावर पुढचा ब्रेक दाबायचा नसतो हे त्याला माहीत नव्हतं असं नाही, पण सहा तास चालवून दमलेला हात सवयीने जे करतो तेच करतो. वाईट पुढे झालं. प्रवास विमा काढलेला होता, पण इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट (आयडीपी) काढायचं त्याच्याकडून राहिलं होतं, म्हणून विमा कंपनीने दावा नाकारला. दवाखान्याचं बिल आम्ही पाच जणांनी वाटून भरलं.

म्हणून पहिलं काम आयडीपी. तुमच्या पत्त्याप्रमाणे ताडदेव, वडाळा, अंधेरी किंवा बोरिवली, जे आरटीओ लागू असेल तिथे परिवहनच्या संकेतस्थळावरून अर्ज करा. फी हजार रुपये, मुदत एक वर्ष. हातात आलं की उघडून बघा, दुचाकीच्या वर्गासमोर शिक्का आहे ना. भारतातल्या लायसन्सवर दुचाकी नसेल तर आयडीपीवरही येत नाही. त्यामुळे चौथीने तिथे स्कूटर चालवायची नाही. वाटेत रिकाम्या रस्त्यावर 'जरा देऊन बघू' हेसुद्धा नाही. तिने मागे बसावं. आणि विमा घेताना दुचाकी चालवणं त्यात धरलंय का, हे लेखी विचारून घ्या.

दुसरं, जाण्याआधी एका रविवारी पहाटे चौघं नेरळला जा आणि माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंत स्कूटरने चढा. मागे माणूस बसवूनच चढा आणि उतरा. मुंबईत आपण सिग्नल ते सिग्नल चालवतो, तीव्र उताराची सवय हाताला नसते. तिथे भाड्याला बहुतेक १२५ सीसीची होंडा क्लिक मिळते, आपल्या अ‍ॅक्टिव्हासारखीच गिअर नसलेली. अशा गाडीचा वेग उतारावर फार कमी झाला की आतला क्लच सुटतो आणि इंजिनाचा अडसर जातो. गाडी मोकळी घरंगळायला लागते. मग माणूस ब्रेक धरून ठेवतो, ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि लिव्हर दाबूनही गाडी थांबत नाही. वळण संपल्यावर अ‍ॅक्सिलरेटर हलकासा द्यायचा. क्लच पुन्हा धरतो, इंजिन गाडीला मागे ओढतंय हे बुडाखाली जाणवतं. मग ब्रेक थोडा दाबायचा, सोडायचा. वास आलाच तर थांबून चहा घ्या. तिसऱ्याला नेरळच्या घाटात हे जमलं नाही, तर त्यानेही मागे बसावं. दोन स्कूटर, दोन चालवणारे, दोन मागे, हे मला सगळ्यात पटतं.

आता पैच्या जागी काय? समोएंगचा फेरा. चियांग मायहून मे रिम, तिथून १०९६ क्रमांकाच्या रस्त्याने समोएंग, पुढे १२६९ ने हांग डोंगमार्गे शहरात परत. साधारण शंभर किलोमीटरचं वर्तुळ, घाट हवा तेवढा, आणि बॅगा हॉटेलातच राहतात. मे रिमनंतर लगेच मे सा धबधबा लागतो, दहा टप्प्यांचा. तिथे तासभर वर चढून या, पाय मोकळे होतात. समोएंगकडे जानेवारीत स्ट्रॉबेरी असते. सकाळी आठला निघालात तर उजेडात परत याल. अंधारात घाट नको.

रविवारी स्कूटरला हात लावू नका, चाला. चियांग माय विद्यापीठाच्या मागून भिक्षूंची जुनी पायवाट डोई सुथेप डोंगरावरच्या देवळाकडे चढते. झाडांना भगव्या कापडाच्या पट्ट्या बांधलेल्या आहेत, त्या धरून चाललं की वाट चुकत नाही. पाऊण तासात 'वाट फा लाट' हे झाडीतलं देऊळ येतं. शेजारून ओढा मोठ्या कातळावरून पसरून वाहतो, पायऱ्यांवर शेवाळ, आणि झाडांच्या फटीतून खाली शहर. सुथेपला जाणारे पूर्वी इथे विसावा घेत. १९३५ साली ख्रूबा श्रीविचाई या भिक्षूंच्या पुढाकाराने, लोकांच्या श्रमदानातून वरपर्यंत गाडीरस्ता झाला आणि वर्दळ तिकडे वळली. मी तिथे दीड तास बसलो होतो आणि उठवत नव्हतं. पुढचा चढ खडा आहे, रस्ता ओलांडून तास-सव्वा तास धरा. शेवटी सुथेपच्या नागांच्या कठड्याच्या तीनशेहून जास्त पायऱ्या. उतरताना लाल सोंगथेव, म्हणजे तिथली शेअर रिक्षा समजा, सरळ शहरात सोडते. देवळांत खांदे-गुडघे झाकलेले हवेत.

डोई इंथानॉन सोमवारी करायचंच असेल तर गाडी-ड्रायव्हर घ्या. २५६५ मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा नऊशे मीटरहून जास्त उंच, आणि जायलाच शंभर किलोमीटर. वरच्या किउ मे पानच्या तीन किलोमीटरच्या वाटेवर स्थानिक वाटाड्या घ्यावाच लागतो. जानेवारीत ती खुली असते. पहाटे कडाक्याची थंडी असते, जाकीट न्या. तारीख पुढे ढकलायचा विचार असेल तर फेब्रुवारी ते एप्रिल नको. शेतं-रानं जाळल्याचा धूर इतका असतो की डोंगर दिसत नाहीत.

स्कूटर घेताना पासपोर्ट गहाण ठेवू नका. रोख अनामत घेणारा दुकानदार शोधा, मिळतो. निघण्याआधी गाडीभोवती फिरून ओरखड्यांचा व्हिडिओ काढा, दोन्ही ब्रेक आणि टायर बघा, हेल्मेट हनुवटी झाकणारं मागा. तिथेही गाड्या डावीकडूनच चालतात, तेवढं सोपं आहे. अ‍ॅम्ब्युलन्स १६६९, टुरिस्ट पोलीस ११५५, चौघांच्या फोनमध्ये आत्ताच घाला.

तिकिटं काढण्याआधी तिसऱ्याला एकट्याला गाठून विचारा, खरंच चालवायचंय का. चौघांसमोर तो 'हो'च म्हणेल.